हिरव्या द्राक्षाची वाईन आणि तिच्याबरोबरचं ताट
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मंडपात कापसाच्या भावावर, बोंडअळीवर आणि पीकविम्यावर बोलणं झालं. जेवणानंतरचं पहिलं भाषण माझ्या वाट्याला आलं आणि 'ऑस्ट्रियातली पांढरी वाईन' हा विषय ऐकून पुढच्या दोन रांगा हसल्या. मागे बसलेल्या मायबहिणी मात्र हसल्या नाहीत. त्यांचं बरोबर आहे. दारूनं बसलेली घरं त्यांनी आतून पाहिली आहेत. म्हणून आधीच सांगतो, मी इथं कोणाला प्यायला सांगायला उभा नाही. जो पीत नाही त्यानं सुरू करू नये, आणि ज्याच्या घरात हा त्रास आहे त्यानं माझ्या भाषणाचा आधार घेऊ नये.

मग हा विषय का? कारण ही वाईन करणारे लोक आपल्यासारखेच कमी पावसाचे शेतकरी आहेत. एका उन्हाळ्यात त्यांच्या मालाचं नाव जगभर बुडालं. ते परत आणायला त्यांना पंधरा-वीस वर्षं लागली. परत आणताना त्यांनी ज्या गोष्टी केल्या, त्यांतली एक मला फार विचार करण्यासारखी वाटली. आपला माल कोणत्या घासाबरोबर चांगला लागतो, हे त्यांनी ठामपणे सांगायला सुरुवात केली. आपण ज्वारी पिकवतो, कापूस पिकवतो, पण आपल्या मालाबद्दल असं काही सांगायची आपल्याला सवय नाही. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

काही वर्षांपूर्वी मातीतल्या ओलाव्यावरच्या एका बैठकीसाठी मे महिन्यात व्हिएन्नाला जाणं झालं. व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी. देश लहान, लोकसंख्या सुमारे ९० लाख. पश्चिमेकडे आल्प्सचे डोंगर, म्हणून द्राक्षाची शेती सगळी पूर्वेच्या बाजूला. साऱ्या देशातलं वाईनच्या द्राक्षाचं क्षेत्र ४५ हजार हेक्टरच्या आतबाहेर. आपल्या महाराष्ट्रात कापूसच ४० लाख हेक्टरांवर असतो. म्हणजे आपल्या पऱ्हाटीच्या शंभराव्या हिश्शाएवढी त्यांची सगळी द्राक्षबाग. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश क्षेत्रावर एकच जात आहे. तिचं नाव ग्रूनर वेल्टलिनर. ग्रूनर म्हणजे हिरवा. द्राक्ष पिकलं तरी हिरवट-पिवळंच राहतं.

या जातीचं सगळ्यात मोठं क्षेत्र व्हिएन्नाच्या उत्तरेला, चेक देशाच्या सीमेपर्यंत पसरलेल्या मुलखात आहे. त्याला वाइनफिअर्टेल म्हणतात. बैठक संपल्यावर एक दिवस मोकळा होता, म्हणून मी पॅसेंजर गाडीनं तिकडे गेलो. मुलूख उतारउताराचा. गहू, बीट, सूर्यफूल आणि मधेमधे द्राक्ष. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आकडा ऐकून तुम्ही म्हणाल, हा तर आपल्यापेक्षाही कमी. पण तिथं तो बारा महिन्यांत विभागून पडतो, आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळत नाही. आणि माती आहे लोएस. हिमयुगात वाऱ्यानं उडवून आणलेली, मैद्यासारखी बारीक, पिवळसर, चुनखडीयुक्त माती. खोल आहे आणि पाणी धरून ठेवते. वेल्टलिनरला ही माती मानवते, कारण ही जात पाण्याचा ताण फार सोसत नाही. तिकडच्या डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात डोंगराच्या उघड्या खडकाळ टप्प्यांवर रीसलिंग नावाची दुसरी जात लावतात, आणि खाली जिथं लोएसचा थर आहे तिथं वेल्टलिनर. आपणही मुरमाड रानात एक आणि काळ्या कसदार रानात दुसरं घेतोच की.

ही जात इतकी पसरली त्याला दुसऱ्या महायुद्धानंतरची एक मशागतीची पद्धत कारणीभूत आहे. लेन्झ मोझर नावाच्या तिथल्याच एका द्राक्ष बागायतदारानं ती रूढ केली. आधी वेल जमिनीलगत आणि दाट असत, सगळं काम वाकून हातानं. यानं ओळींत सुमारे तीन मीटर अंतर ठेवलं आणि वेल खोडावर उंच चढवला, म्हणजे मधून ट्रॅक्टर चालावा. मजुरी वाचली, आणि वेल्टलिनर या पद्धतीला चांगला साथ देत होता. पण त्यात एक मेख होती. ही जात भरपूर घड देते. सोडले तेवढे घड ठेवले तर रस पातळ होतो आणि वाईन पाण्यासारखी लागते. ज्याला चव हवी तो घड विरळ करतो. आज दर्जेदार म्हणून विकायच्या वाईनसाठी हेक्टरी १०,००० किलो द्राक्षं ही कायद्यानं घातलेली मर्यादा आहे. जास्त पिकवलं तर ती वाईन त्या नावानं विकता येत नाही.

आपल्या नाशिककडे वाईनची द्राक्षं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडतात. तिकडे थंडीत वेल झोपलेला असतो, एप्रिलमध्ये फुटतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. फूट आल्यावर कडाक्याची थंडी पडली तर सगळं जातं. एप्रिल २०१६ मध्ये तसंच झालं आणि देशाच्या मोठ्या भागातलं पीक बसलं. निसर्गाचा जुगार त्यांनाही चुकलेला नाही.

आता वाईन करतात कशी ते थोडक्यात. द्राक्षं दाबून रस वेगळा काढतात, साली-बिया बाजूला टाकतात. तांबड्या वाईनमध्ये सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग येतो आणि जिभेवर जांभळासारखा तुरटपणा येतो. या पांढरीत तो तुरटपणा नसतो. रस स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून आंबवतात. थंड का, तर फळाचा वास उडून जाऊ नये म्हणून. लाकडी पिंपाचा वास लागू देत नाहीत. हिवाळाभर ती निवळते आणि वसंतात बाटलीत जाते. साधी वेल्टलिनर वर्ष-दोन वर्षांत प्यायची असते, तिची मजा ताजेपणात. मद्याचं प्रमाण बारा-साडेबारा टक्के. आपल्याकडची देशी तिच्या तिपटीहून कडक असते. तिथं ती आठ-दहा अंश तापमानाला गार करून, अष्टमांश लिटरच्या मापानं, जेवणाबरोबर घेतात. उन्हाळ्यात कित्येक जण अर्धी वाईन आणि अर्धा सोडा असं करून घेतात.

मी दोन घोट चाखले. रंग जवळजवळ पाण्याचा, किंचित हिरवी झाक. पहिल्यांदा हिरव्या सफरचंदासारखी आणि लिंबाच्या सालीसारखी आंबट चव. मग काहीतरी हिरवं, नुकत्या सोललेल्या वाटाण्याच्या शेंगेसारखं. आणि शेवटी घशाशी मिऱ्याची बारीक चुणूक. मला वाटलं भास झाला. पण तो भास नाही. काळ्या मिऱ्याला जो मिऱ्याचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे, आणि तेच द्रव्य या द्राक्षात सापडलं आहे. थोडं असलं तरी नाकाला कळतं. वाइनफिअर्टेलचे शेतकरी या चुणुकीला लाडानं 'पिरं' म्हणावं तसं 'फेफर्ल', म्हणजे छोटं मिरं, म्हणतात. तीच त्यांच्या मालाची खूण.

आता ताटाकडे येऊ.

त्या गावात एक गल्ली होती. दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंतींची बुटकी घरं, पण एकाही घराला धुराडं नाही. कोणी राहतच नाही तिथं. पुढे द्राक्ष दाबायची खोली आणि मागे लोएसच्या टेकडीत आडवं खणलेलं तळघर. आपलं धान्याचं पेव असतं तसं, पण माणूस चालत आत जाईल एवढं. उन्हाळा-हिवाळा आतलं तापमान जवळपास सारखंच. एका दारावर हिरव्या डहाळ्यांची जुडी टांगलेली होती. तिचा अर्थ, आज या शेतकऱ्याकडे वाईन आणि खाणं मिळेल. बाकांवर गावचेच लोक बसले होते. कोणी ट्रॅक्टर बाहेर उभा करून आलेला, कोणी कुटुंबासकट.

मी शाकाहारी. तिथल्या बाईंनी मला आधी एक लाकडी पाट आणून दिला. त्यावर गव्हा-रायची काळी पाव-भाकर आणि लिप्टाउअर नावाची चटणी. ताज्या चक्क्यासारख्या चीजमध्ये लोणी, तिखट-लाल पापरिका, कांदा आणि जिऱ्याच्या जातीचं एक बी घालून कालवलेली. त्या म्हणाल्या, आधी घास, मग घोट. तसं केलं. चटणीतल्या लोण्याचा चिकटपणा त्या आंबट घोटानं धुऊन नेला आणि जीभ पुढच्या घासाला तयार झाली. त्या क्षणी मला आपलं ताट आठवलं. तेलाची धार सोडलेल्या झुणक्याबरोबर आपण कांदा आणि लिंबू का घेतो? कारण तेच. आंबटानं तेल कापलं जातं.

दुसरा पदार्थ होता पांढरा ॲस्पॅरॅगस. तुम्हाला शतावरी माहीत आहे. हा तिच्याच कुळातला, पण कोंब खाण्याचा. व्हिएन्नाच्या पूर्वेला मार्शफेल्ड नावाचं सपाट मैदान आहे, तिथं तो एप्रिल ते जून निघतो. कोंबावर मातीचे वरंबे चढवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून तो पांढरा राहतो. उकडून, वर पातळ लोणी सोडून, बटाट्याबरोबर वाढतात. या भाजीत गंधकाची द्रव्यं असतात. तिच्याबरोबर तुरट तांबडी वाईन घेतली तर तोंडात लोखंड चाटल्यासारखं होतं. पुष्कळ चांगल्या वाईन या भाजीपुढे हार मानतात. वेल्टलिनरचं तसं होत नाही, कारण ती तुरट नाही आणि तिची स्वतःचीच चव हिरवी, पाल्याची आहे. म्हणून मे महिन्यात त्या भागात जिथं ॲस्पॅरॅगस तिथं ही वाईन, हे ठरलेलं.

तिसरं, बटाट्याची कोशिंबीर. बटाटा उकडून, गरम असतानाच त्यावर व्हिनेगर, तेल, कांदा आणि मोहरी. इथं एक नियम आहे तो लक्षात ठेवा. खाणं जेवढं आंबट, तेवढा तरी पेयात आंबटपणा हवा. नाहीतर पेय पाणचट लागतं. वेल्टलिनर व्हिनेगरपुढे टिकते.

शेजारच्या बाकावर त्यांचं नामांकित ताट होतं, व्हिएन्नाचं श्निट्झेल. मांसाचा पातळ काप, पाव-चुऱ्यात घोळवून तळलेला, वर लिंबाची फोड. मूळचा तो वासराच्या मांसाचा. आपल्याकडे हे चालत नाही, पण त्यांचा पदार्थ आहे म्हणून आहे तसा सांगतो. डुकराच्या मांसाचा केला तर हॉटेलात तसं स्पष्ट लिहावं लागतं. कोंबडीही याच रीतीनं तळतात. नदीतला ट्राउट मासा, तळ्यातला कार्प मासा, बकरीचं ताजं चीज, सगळ्यांबरोबर हीच वाईन. जमत नाही ते गोड पक्वान्न. गोडाबरोबर ती नुसती आंबटढाण लागते. आणि तासन्‌तास शिजवलेल्या घट्ट रश्श्याच्या मांसापुढे हलकी वेल्टलिनर दबून जाते. तिखटाचं म्हणाल तर, मिरचीचा जाळ आणि कडक मद्य एकमेकांना भडकवतात. ही हलकी आणि गार असते म्हणून बेताच्या तिखटाशी तिचं जुळतं. जगभरच्या थाई आणि व्हिएतनामी खाणावळींत तिला जागा मिळाली ती यामुळेच.

हे इतकं का सांगितलं? त्या बाई कोणत्या हॉटेलच्या कामाला नव्हत्या. त्यांची साडेसहा हेक्टर बाग होती आणि सकाळी त्या फवारणी करून आल्या होत्या. पण आपल्या मालाची चव, ती कशानं येते आणि कशाबरोबर शोभते, हे त्या न अडखळता सांगत होत्या. आणि भावाची पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती.

भावाच्या या पाटीला इतिहास आहे. १७ ऑगस्ट १७८४ रोजी तिथल्या सम्राट दुसऱ्या योसेफनं एक हुकूम काढला. प्रत्येकाला स्वतः पिकवलेलं अन्न, वाईन आणि फळांचा रस वर्षभरात केव्हाही, स्वतः ठरवलेल्या भावानं विकता येईल, असा तो हुकूम. दारावर डहाळी टांगायची आणि विकायचं. आजही नियम असा की या दारात स्वतःच्या रानातलीच वाईन विकायची. व्हिएन्नाच्या बाजूला अशा जागेला हॉयरिगर म्हणतात, म्हणजे यंदाची वाईन. महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बाहेर विकायची मोकळीक २०१६ साली मिळाली. दोनशे बत्तीस वर्षांचं अंतर आहे, मोजून घ्या.

पण मोकळीक असूनही त्यांचं नाव बुडालं. कसं, ते ऐका.

१९७०-८० च्या काळात ऑस्ट्रियाची बरीचशी वाईन टँकरनं जर्मनीत जात होती. तिथल्या बाजाराला स्वस्त आणि गोड वाईन हवी होती. दरवर्षी द्राक्ष तेवढं गोड पिकत नाही. मग काही वाईनवाल्यांनी, त्यात मोठे व्यापारी होते आणि काही उत्पादकही, वाईनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल मिसळलं. त्यानं पातळ वाईन दाट आणि गोड भासते. जुलै १९८५ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सरकारनं लोकांना इशारा दिला आणि जगभर बोभाटा झाला. त्या प्रकरणात कोणी दगावल्याची नोंद नाही. पण हे रसायन म्हणजे खेळ नव्हे. पुढच्याच वर्षी, १९८६ साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेलं ग्लिसरीन दिल्यामुळे चौदा रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोग बसला. जुन्या मंडळींना आठवत असेल.

ऑस्ट्रियाच्या वाईनची निर्यात एका वर्षात जवळपास एक दशांशावर आली. भेसळ झाली ती मुख्यतः गोड वाईनमध्ये. आपला साधा, कोरडा, मिऱ्याच्या चुणुकीचा वेल्टलिनर करणाऱ्या शेतकऱ्यानं काहीच केलं नव्हतं. पण दुकानदारानं बाटलीवर 'ऑस्ट्रिया' वाचलं की बाटली परत. चोराबरोबर सावालाही शिक्षा झाली.

इथं मला माझ्या घरची एक गोष्ट सांगायची आहे. एकाधिकार खरेदीच्या काळात आम्ही बैलगाडीनं कापूस घेऊन केंद्रावर जायचो. रात्र रांगेत काढायची. पहाटे आजोबा मला म्हणायचे, बादली आण. मी गाडीवर चढून कापसावर पाणी शिंपडायचो. सात-आठ वर्षांचा होतो, मला गंमत वाटायची. ग्रेडर मूठभर कापूस ओढून बघायचा आणि कोरड्याला, ओल्याला एकच भाव लावायचा. आजोबा वाईट माणूस नव्हते. कोरडा, स्वच्छ कापूस आणणाऱ्याला जास्त काही मिळत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे कृषी महाविद्यालयात धाग्याच्या लांबीवर आणि ताकदीवर मी पानंच्या पानं लिहिली, तेव्हा ती बादली आठवून मला लाज वाटायची. आज लाजेपेक्षा राग जास्त येतो. जिथं चांगल्या आणि वाईट मालाला एकच भाव, तिथं बादली आपोआप हातात येते. ऑस्ट्रियात तेच झालं. माल टँकरमध्ये एकत्र मिसळला की कोणाचा कोणता हे राहतच नाही.

मग त्यांनी काय केलं? त्याच वर्षी, १९८५ मध्ये, फार कडक कायदा केला. दर्जेदार वाईन सरकारी प्रयोगशाळेत आणि चव घेणाऱ्यांच्या मंडळापुढे तपासून घ्यायची. तिला तपासणीचा क्रमांक मिळतो, तो बाटलीवर छापायचा. टोपणावर लाल-पांढरी-लाल पट्टी, तिच्यावर ती बाटली भरणाऱ्याचा नोंदणी क्रमांक. म्हणजे बाटली कुठल्याही देशात गेली तरी तिच्यावरून माणसापर्यंत पोचता येतं. १९८६ साली वाईनची ओळख जगाला करून देण्यासाठी एक स्वतंत्र संस्था उभी केली. २००२ च्या पिकापासून वाइनफिअर्टेलच्या शेतकऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी ठरवलं, आमच्या भागाचं नाव लावायचं तर ती वेल्टलिनरच हवी, कोरडी हवी, लाकडाचा वास नको आणि मिऱ्याची चुणूक हवी. त्यात न बसणारी वाईन चांगली असली तरी तिला भागाचं नाव नाही. त्या नावाची देशातली ही पहिली वाईन. आता इतर भागांनीही आपापले नियम केले आहेत. डॅन्यूबच्या काठच्या वाखाऊ भागातल्या शेतकऱ्यांनी तर १९८३ मध्येच संघ काढला होता. हलकी, मध्यम आणि भारी अशा तीन पायऱ्या त्यांनी ठरवल्या. सगळ्यात भारीचं नाव तिथल्या बांधावर उन्हात बसणाऱ्या हिरव्या सरड्यावरून स्मारागड.

२००२ सालीच लंडनमध्ये जाणकारांनी बाटल्या झाकून चव घेतली. जॅन्सिस रॉबिन्सन या नामांकित परीक्षक बाई त्यात होत्या. एका बाजूला फ्रान्सच्या बरगंडीतल्या महागड्या पांढऱ्या वाईन आणि दुसऱ्या बाजूला वेल्टलिनर. वरच्या जागांपैकी बहुतेक वेल्टलिनरनं घेतल्या. अर्थात त्या भारी, मुरलेल्या वाईन होत्या, मी चाखली तसल्या ताज्या नव्हत्या. पण त्या निकालानं ताज्या वाईनलाही दारं उघडली. खानसाम्यांना कळलं की भाजीबरोबर, माशाबरोबर, आंबट-तिखटाबरोबर द्यायला अशी एक वाईन आहे. २०२१ मध्ये त्या देशाची वाईन-निर्यात २० कोटी युरोच्या पुढे गेली.

इथंच थांबलो तर टाळ्या पडतील, पण अर्धंच सांगितल्यासारखं होईल. उरलेलं अर्धं असं आहे. १९८७ साली ऑस्ट्रियात सुमारे ४५ हजार कुटुंबं द्राक्ष-वाईनच्या शेतीत होती. २०१५ साली सुमारे १४ हजार उरली. माल नावारूपाला आला, पण दोन तृतीयांश घरं त्यातून बाहेर पडली. ज्यांना बाटली भरायची ऐपत नव्हती, सुटी द्राक्षं व्यापाऱ्याला विकण्यावर ज्यांचं भागत होतं, ती आधी गेली. सुट्या द्राक्षाचा भाव आजही घेणाराच सांगतो. शिवाय त्यांना युरोपच्या तिजोरीतून अनुदान मिळतं, आणि दाराशी व्हिएन्नासारखं खर्च करणारं शहर आहे. आपल्या दाराशी तसं काही नाही. म्हणून 'तसंच करा, श्रीमंत व्हा' असं मी सांगणार नाही. सांगणारा कोणी आला तर त्याला आधी हे दोन आकडे विचारा.

तरीही मला एक गोष्ट आपल्या हातातली वाटते. ज्वारीचंच घ्या. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यांनी आपल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळवली. आपल्यालाही माहीत आहे की भारी काळ्या रानातल्या रब्बीच्या ज्वारीची भाकरी गोड आणि मऊ होते, दुसऱ्या दिवशी तिचा काला चांगला होतो. पावसात सापडून काळी पडलेल्या खरिपाच्या संकरित ज्वारीची तशी होत नाही. कोणती भाकरी ठेच्याबरोबर, कोणती अंबाडीच्या भाजीबरोबर, कोणती ताकात कुस्करून, हे या मंडपातल्या प्रत्येक मायबहिणीला माहीत आहे. त्या वाइनफिअर्टेलच्या बाईंइतकंच माहीत आहे. पण ते ज्ञान चुलीपाशी राहतं आणि पोतं बाजारात जातं ते फक्त वजन म्हणून. अडत्याच्या ढिगात दहा गावची ज्वारी एक झाली की आपलं म्हणणं संपलं.

म्हणून एक लहान काम सुचवतो. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्यानं आपल्या रानातली पाच किलो ज्वारी वेगळी बांधून आणावी. पिशवीवर तीन गोष्टी लिहाव्यात: वाण कोणता, रान कसलं, पेरणी केव्हाची. मायबहिणींनी इथंच भाकरी थापाव्यात आणि आपण डोळे झाकून खाव्यात. कोणती कशाबरोबर चांगली लागते ते वहीत लिहून ठेवू. एकदम दुकान काढायचं नाही, कर्ज तर मुळीच काढायचं नाही. आधी आपल्यालाच आपला माल सांगता येतो का, ते बघू. आणि ज्या पिशवीत दुसऱ्याची ज्वारी मिसळलेली सापडेल, तिचा तालुका तिथल्या तिथं सांगू. बादली कोणाच्याही हातात येऊ शकते, हे मी माझ्यावरून सांगितलंच आहे.

कापसाचं असं ताटावर मांडता येत नाही. पण कोरडा वेगळा, पहिल्या वेचणीचा वेगळा आणि शेवटचा कवडीचा वेगळा बांधणं आपल्या हातात आहे. तो वेगळा विकला जावा यासाठी भांडणं हे आपल्या संघटनेचं काम. ते भांडण आपण पुढच्या ठरावात घेणार आहोत.

मायबहिणींनो, वाईनवर बोललो म्हणून राग धरू नका. त्या गावातल्या बाईंनी निघताना मला विचारलं होतं, तुमच्याकडे काय पिकतं आणि ते कशाबरोबर खातात? मी कापूस म्हणालो, मग ज्वारी म्हणालो. 'कशाबरोबर'चं उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. पुढच्या वेळी तो लागू नये, एवढंच म्हणणं आहे.

एवढं बोलून मी थांबतो.